घरच्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी राइट करायची? आधी कोरी डिस्क नीट पाहून घ्या

डीव्हीडी आता कोण वापरते बाप्पा, असं म्हणणारे पोट्टे गल्लोगल्ली भेटतील. पण लग्नाची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली की मोठ्या काकूंना ती टीव्हीखालच्या प्लेयरवरच पाहायची असते, एमआरआयवाला रिपोर्टासोबत सीडी देतो अन् दुसऱ्या डॉक्टरसाठी तिची कॉपी लागते, एखादे वकीलसाहेब अजूनही फुटेज डिस्कमध्ये मागतात, आणि घरचे सगळे फोटो एकाच हार्डडिस्कवर देवाच्या भरवशावर पडलेले असतात. तेव्हा काम पडतंच. अन् काम पडलं की माणूस नागपुरात बर्डीच्या बाजारात जातो, "भाऊ, कोरी डीव्हीडी द्या" म्हणतो, दुकानदार विचारतो "कोणती पाहिजे जी, मायनस का प्लस?" आणि इथंच गाडी अडते.

म्हणून पहिली गोष्ट सांगून ठेवतो, बाकी सगळं तिच्यावरच अवलंबून आहे: डिस्क घ्यायच्या आधी ठरवा की ती शेवटी लागणार कुठं. तुमच्याच कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, टीव्हीच्या प्लेयरमध्ये, का गाडीच्या स्टिरिओत. लोक उलटं करतात, आधी डिस्क घेतात, राइट करतात अन् मग चालत नाही म्हणून रायटरला, म्हणजे डिस्क लिहिणाऱ्या ड्राइव्हला, शिव्या घालतात. रायटर बिचारा बहुतेक वेळा बरोबरच असतो.

रायटर आहे का ते आधी पाहा

जुन्या डेस्कटॉपला पुढून ट्रे आहे म्हणजे तो डीव्हीडी राइट करतोच असं नाही. एका काळात कॉम्बो ड्राइव्ह नावाचा प्रकार भरपूर विकला गेला, तो डीव्हीडी फक्त वाचतो अन् राइट सीडीच करतो. ट्रेच्या तोंडावर छापलेले लोगो वाचा, तिथं डीव्हीडीच्या खाली आर, आरडब्ल्यू, डीएल किंवा मल्टी रेकॉर्डर असं काही असेल तर रायटर आहे, नुसतं डीव्हीडी-रॉम असेल तर नाही. लोगो घासून गेला असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हचा मॉडेल नंबर दिसतो, तो नेटवर टाकला की सगळं कळतं.

नवीन लॅपटॉपला तर ट्रेच नसतो, आणि आताच्या बऱ्याच कॅबिनेटला पुढं ड्राइव्ह लावायची जागाच ठेवत नाहीत. मग यूएसबीवाला बाहेरचा स्लिम रायटर घ्यायचा. हे साधारण ८एक्स स्पीडनं डीव्हीडी अन् २४एक्सनं सीडी राइट करतात (एक्सचा हिशेब पुढं स्पीडच्या जागी सांगतो), घरकामाला भरपूर झालं. यात फक्त एक भानगड आहे, करंटची. राइट करताना लेसर अन् मोटर दोन्ही जोरात चालतात, अन् यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून नियमानं ५०० मिलीअँपिअरच मिळतात. म्हणून काही रायटरसोबत दोन तोंडांची केबल येते, ती दोन्ही तोंडं लावायची, दुसरं शोभेला नाही दिलेलं. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टात किंवा हबमध्ये लावू नका, मागच्या बाजूला सरळ मदरबोर्डावरच्या पोर्टात लावा. डिस्क फिरायला लागते, टक टक आवाज येतो अन् ड्राइव्ह गायब होऊन पुन्हा दिसतो, असं झालं की समजायचं करंट कमी पडून राहिला.

जुन्या डेस्कटॉपमध्ये आतला रायटर बदलायचा असेल तर आधी साइडचं पॅनल काढून केबल पाहून घ्या. चपटी रुंद, ४० पिनांची पट्टी असेल तर तो आयडीई, बारीक केबल असेल तर साटा. आता नवे मिळतात ते साटाच.

मायनस, प्लस आणि बाकीची मंडळी

आता मुख्य मुद्दा. डीव्हीडी-आर, म्हणजे दुकानदाराची "मायनस", ही आधी आली, १९९७ मध्ये. डीव्हीडी+आर, म्हणजे "प्लस", सोनी, फिलिप्स, एचपी वगैरे कंपन्यांच्या वेगळ्या गटानं आणली, ती २००२ ची. दोन्हींवर जागा तेवढीच, दोन्ही एकदाच लिहिता येतात, डोळ्यांनी पाहून फरक कळत नाही. आताचे रायटर दोन्ही खातात. मग फरक काय, तर जुन्या प्लेयरचा. टीव्हीचे जे प्लेयर प्लसच्या आधीचे किंवा त्याच काळातले आहेत ते मायनस मुकाट्यानं घेतात अन् प्लसवर कधीकधी "नो डिस्क" दाखवतात. म्हणून काकूंच्या प्लेयरसाठी डोळे मिटून मायनस घ्या. कॉम्प्युटरवरच लागणार असेल तर जी चांगल्या कंपनीची मिळेल ती घ्या, मायनस-प्लसवर डोकं खर्च करू नका.

प्लसमध्ये एक छुपी सोय आहे म्हणा. प्रत्येक डिस्कवर ती कोणत्या जातीची आहे हे सांगणारी एक खूण असते, तिला बुक टाइप म्हणतात. काही रायटर प्लस डिस्कवर ही खूण बदलून "मी छापील डीव्हीडी-रॉम आहे" असं लिहू शकतात, अन् मग आडमुठा प्लेयरही फसतो. मायनसला हे करता येत नाही. पण हे सगळ्या रायटरला जमत नाही, नवशिक्यांनी याच्या मागं लागायची गरज नाही.

आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहायची, साधारण हजार वेळा चालते असं धरतात. ऐकायला लय भारी वाटतं, पण ती उजेड कमी परावर्तित करते. छापील एकपदरी डीव्हीडी लेसरचा ४५ ते ८५ टक्के उजेड परत पाठवते, आरडब्ल्यू १८ ते ३०. म्हणून जुन्या प्लेयरचं थकलेलं लेसर तिला वाचतच नाही. शिकायला मात्र आरडब्ल्यूसारखी गोष्ट नाही, एक आणून ठेवा, पहिले प्रयोग तिच्यावर करा, चुकलं तर पुसा. त्यातही प्लस आरडब्ल्यूवर जुन्याच्या वरूनच नवीन लिहिता येतं, मायनस आरडब्ल्यू आधी पुसावी लागते.

डीएल म्हणजे दोन थरांची, ८.५ जीबीवाली. महाग पडते, खराबही जास्त होते, कारण लेसरला पहिल्या थरातून आरपार जाऊन दुसऱ्यावर लिहायचं असतं. माझं मत विचाराल तर एका डीएलपेक्षा दोन साध्या डिस्क कधीही बऱ्या. डीव्हीडी-रॅम नावाचीही एक होती, आता विसरून जा. अन् एम-डिस्क म्हणून जी विकतात, तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा टणक थर असतो आणि ती टिकायला चांगली म्हणतात, पण तिला रायटरही तसाच लागतो, ड्राइव्हवर एम-डिस्कचा लोगो असेल तरच पैसे घाला.

४.७ म्हणता अन् मावतं ४.३८

हा प्रश्न दर वेळी येतो, डिस्कवर ४.७ जीबी छापलं आहे मग विंडोज ४.३८ काऊन दाखवते? फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते अन् विंडोज १०२४ च्या, बस. डीएलचंही तसंच, ८.५ चे ७.९६ दिसतात. तुम्ही फक्त फोल्डरची साइज विंडोजमध्ये पाहून ४.३ च्या आसपास थांबा, डिस्क काठोकाठ भरू नका. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि सगळ्यात जास्त गडबड बाहेरच्या कडेलाच होते, बोटं तिथंच लागतात, थोडी वाकलेली डिस्क तिथंच जास्त हलते. कडेला जराशी जागा सोडली तर नुकसान काहीच नाही.

दुकानात काय पाहायचं

कोऱ्या डीव्हीडीचा खरा माल म्हणजे आतला रंगाचा थर, त्याला डाय म्हणतात. लेसर त्याच्यावरच खुणा पाडतो. वरचा ब्रँड कोणताही असो, आतली डिस्क कोणत्या कारखान्याची हे महत्त्वाचं, अन् ब्रँडवाले कारखाने बदलत राहतात. आपल्याकडे एकेकाळी मोजर बेअरच्या डिस्क घरोघरी होत्या, ही आपल्याच देशातली कंपनी जगातल्या मोठ्या डिस्क बनवणाऱ्यांपैकी एक होती, २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत गुंडाळायचा आदेश निघाला. जपानच्या तैयो युदेनच्या डिस्क जाणकार लोक शोधून शोधून घेत, त्यांनी २०१५ अखेर हा धंदा सोडला. व्हर्बेटिम ब्रँड २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसीनं घेतला. सांगायचा मुद्दा असा की दहा वर्षांपूर्वीचा कोणाचा सल्ला "अमुक ब्रँडच घे" आज जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि दुकानात जुन्या नावाचं पाकीट धुळीतून निघालं तर ते किती वर्षं पडून आहे हेही विचारा. कोरी डिस्कसुद्धा पडून पडून म्हातारी होते.

आतला कारखाना कळायची सोय आहे. डिस्कवर मीडिया कोड असतो, इमगबर्नसारख्या फुकट प्रोग्राममध्ये कोरी डिस्क घातली की उजव्या बाजूला तो दिसतो, आणि ही डिस्क तुमच्या रायटरवर कोणत्या कोणत्या स्पीडला लिहिली जाईल तेही दिसतं. म्हणून एकदम ५० चा डबा उचलू नका. आधी सुट्या चार-पाच घ्या, घरी लिहून पाहा, ज्या जागी लावायच्या आहेत तिथं लावून पाहा, मग डबा घ्या. सुट्या घेताना दुकानदार काउंटरवर पोळ्यांच्या चवडीसारख्या उघड्या ठेवलेल्या देत असेल तर नको म्हणा, घासलेल्या असतात. उजेडात तिरपी धरून पाहा, खालची बाजू एकसारख्या रंगाची पाहिजे, ढगासारखे डाग किंवा कडेला फिकट पट्टा दिसला तर ठेवून द्या. प्लास्टिकच्या डबीतल्या दोन रुपये जास्त देऊन घ्या. अन् पाकिटावर मायनस का प्लस ते स्वतः वाचा, दुकानदाराच्या "चालते जी, सगळीकडं चालते" वर जाऊ नका.

आता राइट करू

आधी साधी डेटा डिस्क, फोटो वगैरे. विंडोजला वेगळा प्रोग्राम लागत नाही (एक्सपीवाल्यांना लागतो, तो नुसत्या सीडीच लिहायचा). कोरी डिस्क घाला, ड्राइव्हवर डबल क्लिक करा, विंडोज विचारेल की डिस्क कशी वापरायची. एक पर्याय यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी, दुसरा सीडी/डीव्हीडी प्लेयरसोबत. नवशिके पहिला निवडतात कारण तो सोपा वाटतो, फाइल ओढली की लगेच लिहिली जाते, अन् मग ती डिस्क दुसरीकडं कुठं उघडत नाही म्हणून रडतात. तुम्ही दुसरा निवडा. मग फाइली ड्राइव्हमध्ये ओढा, त्या लगेच लिहिल्या जात नाहीत, रांगेत थांबतात, आणि तोपर्यंत सी ड्राइव्हवर तेवढीच जागा खातात, म्हणून सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर आधी साफ करा. सगळं जमलं की ड्राइव्हवर राइट क्लिक करून बर्न टू डिस्क, नाव द्या, स्पीड निवडा, पुढं.

स्पीडबद्दल जरा थांबू, कारण इथं दोन्ही बाजूंनी चुकीचं ऐकायला मिळतं. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी (सीडीचा १एक्स फक्त १५० केबी, दोघांची गल्लत करू नका). पूर्ण भरलेली डिस्क ८एक्सनं आठ-दहा मिनिटांत होते, ४एक्सनं पंधरा मिनिटं लागतात. घाईनं १६एक्स लावलं तर वाचतात चार मिनिटं अन् कडेला चुका वाढतात. पण "जितकं हळू तितकं चांगलं" हेही खरं नाही, १६एक्सची डिस्क जास्त स्पीडच्या लेसरसाठी बनवलेली असते, तिला २एक्सनं भाजत बसायचं काही कारण नाही, कित्येक रायटर तेवढं हळू जातही नाहीत. १६एक्सच्या डिस्कला ८एक्स, ८एक्सच्या डिस्कला ४ किंवा ६, एवढं लक्षात ठेवा. आरडब्ल्यूवर मुळातच कमी स्पीड छापलेली असते.

राइट चालू असताना कॉम्प्युटर सोडून चहा प्यायला जा, गेम खेळू नका. आताच्या रायटरमध्ये डेटा यायला उशीर झाला तर लेसर थांबून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय असते, पूर्वी डिस्क सरळ बाद व्हायची. पण लाइट गेली तर ही सोय काही कामाची नाही. उन्हाळ्यात दुपारी सगळ्या वस्तीचे कूलर एकदम चालू असतात तेव्हा डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय राइट करायला बसू नका, सकाळी करा किंवा चार्ज असलेला लॅपटॉप वापरा.

अन् व्हेरिफाय. लिहून झाल्यावर प्रोग्राम डिस्क पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडून पाहतो, तेवढाच वेळ अजून जातो, तरी करा. विंडोजच्या साध्या बर्नमध्ये ही टिक मिळत नाही, म्हणून महत्त्वाच्या डिस्कसाठी मी इमगबर्न किंवा सीडीबर्नर एक्सपी वापरा असंच सांगतो. इमगबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे पण चालतो मस्त, फक्त इन्स्टॉल करताना सोबत भलतंच काहीतरी चिकटू पाहते, नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नका, प्रत्येक टिक वाचा. लिनक्सवाल्यांकडं के३बी अन् ब्रासेरो आहेतच.

आयएसओ फाइल (आख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये बांधलेली) असेल, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सची इन्स्टॉल डिस्क करायची असेल, तर ती फाइल डिस्कवर कॉपी करायची नाही. फाइलवर राइट क्लिक, बर्न डिस्क इमेज, तिथं व्हेरिफायची टिक आहे ती लावा. ही सोय विंडोज ७ पासून आहे. आणि एकच व्हिडिओ फाइल ४ जीबीच्या वर असेल तर प्रोग्राममध्ये फाइल सिस्टिम यूडीएफ ठेवा, जुन्या आयएसओ ९६६० पद्धतीत एवढी मोठी फाइल बसत नाही.

टीव्हीच्या प्लेयरसाठी वेगळं काम आहे

सगळ्यात जास्त लोक इथं आपटतात. मोबाइलमधला एमपी४ डिस्कवर टाकला, कॉम्प्युटरवर चालला, काकूंच्या प्लेयरवर नाही. चालणारच नाही, कारण साध्या डीव्हीडी प्लेयरला एमपेग-२ मध्ये, ठरावीक फोल्डरमध्ये मांडलेला व्हिडिओ लागतो. डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर अन् त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी या फाइली पाहिजेत. हे बनवायला डीव्हीडीस्टायलर नावाचा फुकट प्रोग्राम आहे. नवीन प्रोजेक्ट उघडला की तो विचारतो पाल का एनटीएससी, म्हणजे टीव्हीच्या चित्राची पद्धत कोणती, आपल्याकडं पाल, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. व्हिडिओ ओढून टाका, मेनू पाहिजे तर करा (लग्नाच्या डीव्हीडीला गुलाबाचं फूल अन् गणपती टाकल्याशिवाय आपल्याकडं भागत नाही ते वेगळं), एका साध्या डिस्कवर दोन तासांच्या आसपास ठेवा, त्याच्या वर गेलं की चित्र फुटायला लागते. मग सरळ डिस्कवर न लिहिता आधी आयएसओ बनवा, ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयर प्रोग्राममध्ये चालवून पाहा, मेनूची बटणं दाबून पाहा, अन् मगच मायनस डिस्कवर लिहा. म्हणजे चूक सापडली तर डिस्क वाया जात नाही.

अन् डिस्क बंद झाली पाहिजे, याला फायनलाइज म्हणतात. अर्धी लिहून उरलेली जागा नंतरसाठी ठेवली की जुना प्लेयर तिला ओळखत नाही, किंवा फक्त पहिल्या खेपेचंच दाखवतो. इमगबर्न एका खेपेतच लिहून बंद करतो, सीडीबर्नर एक्सपीमध्ये फायनलाइजची टिक लावावी लागते.

गाडीच्या स्टिरिओसाठी डीव्हीडीच्या फंदात न पडता बहुतेक वेळा साधी ७०० एमबीची सीडी-आर अन् त्यावर एमपी३ हेच बरं, बऱ्याच स्टिरिओंचा ड्राइव्ह सीडीचाच असतो. रायटर डीव्हीडीचा असला तरी सीडी लिहितोच.

लिहून झाल्यावर

नाव लिहायला पाण्याच्या शाईचा किंवा सीडी मार्कर वापरा, बॉलपेन नको. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या, डेटा मधे असतो, म्हणून तिला वरून थोडं संरक्षण आहे. सीडीत मात्र डेटा छापील बाजूच्या अगदी खालीच असतो, तिथं बॉलपेन दाबलं की खालून कितीही चकचकीत असली तरी ती गेली. कागदी स्टिकर तर दोन्हींवर लावू नका, तोल बिघडतो, अन् आपल्या उन्हाळ्यात गोंद सुटून ड्राइव्हच्या आतच चिकटतो. पुसायची असेल तर मऊ कापडानं मधून कडेकडं सरळ पुसा, गोल गोल नाही.

ठेवायचं म्हणाल तर आपल्या नागपुरात दोन शत्रू आहेत. एक ऊन, नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर डिस्क ठेवली तर ती वाकते अन् आतला डायही बिघडतो. दुसरा शत्रू कोणाच्या ध्यानातच येत नाही, तो म्हणजे कूलर. चार महिने ज्या खोलीत कूलरची ओली हवा सुटते त्याच खोलीतल्या टीव्हीखालच्या कपाटात डिस्क ठेवलेल्या असतात, वरून पावसाळा आहेच. कूलर नसलेल्या खोलीत, बाहेरच्या उन्हानं तापणाऱ्या भिंतीपासून दूर, डब्यात उभ्या ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. जे फोटो जाऊच नयेत असे आहेत त्यांच्या दोन डिस्क करा, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा, अन् हार्डडिस्कवरची कॉपी तशीच राहू द्या, डिस्क केली म्हणून पुसू नका.

जुनी डिस्क अडकून अडकून वाचली जात असेल तर टाकून देऊ नका, आधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते, एकावर मेलेली डिस्क दुसऱ्यावर पूर्ण उतरते असं नेहमी होते. उतरली की त्याच दिवशी नवीन डिस्कवर लिहा. अन् ट्रेच उघडत नसेल तर कॉम्प्युटर बंद करा, ट्रेच्या खाली बारीक भोक दिसेल, त्यात यू-पिन सरळ करून हळूच दाबा, ट्रे थोडा बाहेर येतो, पुढं हातानं ओढा. ट्रेच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका.